घरचा सर्व्हर आणि गेलेली लाईट

मीरा रोडला पावसाळ्यात लाईट जाते ती सहसा एकदम जात नाही. आधी डोळा मिचकावते, परत येते, फ्रिज कण्हतो, पंखा जरा वेग घेतो, आणि मग पुन्हा अंधार. गेल्या जुलैत एका जुम्याच्या संध्याकाळी, मगरिबच्या अजानला थोडाच वेळ असताना, आमच्याकडे असे तीन झटके पाच मिनिटांत बसले. माणसांना त्याची सवय आहे. शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवलेल्या आमच्या छोट्या सर्व्हरला ती नव्हती.

या सदराच्या जुन्या वाचकांना तो सर्व्हर आठवत असेल. रास्पबेरी पाय 4 नावाचा तळहाताएवढा संगणक आणि त्याला जोडलेली एक हार्ड डिस्क. घरातले फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, निकाहनामे, गावच्या जमिनीचे सातबारा, सगळे त्यात. दर महिन्याला कोणा परक्या कंपनीला भाडे न देता घरातल्या सगळ्या फोनवर ते दिसते, म्हणून आम्ही हौसेने तो बसवला होता.

त्या संध्याकाळी अम्मींच्या फोनमधली जागा भरली म्हणून आम्ही त्यातली चौदा रेकॉर्डिंग सर्व्हरवर हलवत होतो. ती अब्बांची होती. अब्बांना जाऊन तीन वर्षे झाली. शेवटच्या आजारपणात त्यांना बोलते करून आम्ही फोनवर आवाज टिपून घेतला होता: सूरह यासीनचे पठण, गावच्या खाडीतल्या मासेमारीच्या गोष्टी, रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरल्याची पहिली आठवण. अम्मी दर जुम्याला फजरनंतर त्यातले एखादे ऐकतात. आम्ही 'कट' केले, 'पेस्ट' केले, पडद्यावर काम झाल्याचे दिसले, आणि लाईट गेली.

नंतर डिस्क उघडेना. दुरुस्तीची आज्ञा चालवल्यावर अकरा रेकॉर्डिंग परत मिळाली. दोन श्रीवर्धनला फूफींच्या फोनवर निघाली, कारण कधीतरी त्यांना पाठवली होती. लाँचची गोष्ट मात्र गेली. अम्मी काही बोलल्या नाहीत, म्हणून आम्हाला जास्त लागले.

काम झाल्याचे दिसूनही असे का घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. संगणक आलेली फाईल लगेच डिस्कवर उतरवत नाही. आधी ती आपल्या चालू स्मरणात घेतो, 'झाले' असे सांगतो, आणि सवडीने, काही सेकंदांनी, डिस्कवर लिहितो. दुकानातला मुनीम माल उतरवून घेताना पाठीवर पेन्सिलने आकडे टिपतो आणि वहीत दुपारी चढवतो, तसेच. वीज गेली की चालू स्मरण कोरे होते. आम्ही 'कट' केल्यामुळे फोनवरची मूळ प्रत पुसली गेली होती आणि नवी अजून वहीत चढली नव्हती. शिवाय डिस्कवर कुठली फाईल कुठे आहे याची जी अनुक्रमणिका असते, तिच्यावर लिहिणे चालू असतानाच झटका बसला तर नवेच काय, जुनेही सापडेनासे होते. मेमरी कार्डावर चालणाऱ्या यंत्रांना हा धोका अधिक, कारण कार्ड आतल्या आत सतत माहितीची जागा बदलत असते.

म्हणजे सर्व्हरला बॅटरी हवी ती आधी या काही सेकंदांसाठी. ही गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. आपण बॅकअप म्हटले की तासांचा हिशेब करू लागतो: पंखा किती चालेल, टीव्ही किती चालेल. सर्व्हरला तास मिळाले तर उत्तमच, पण झटके गिळता आले आणि वीज खरोखरच गेली तर शिस्तीत वही मिटून झोपी जाता आले, एवढे झाले तरी अमानत शाबूत राहते.

मोठा अंधार क्वचित येतो, पण येतो. 12 ऑक्टोबर 2020 च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडले. कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या वाहिन्यांवरच्या बिघाडातून ते सुरू झाले होते. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाईन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मुंबईसाठी तशी एक व्यवस्था आहे: बाहेरची ग्रिड कोसळली तर शहराने तिच्यापासून आपोआप तुटून एखाद्या बेटासारखे आपल्याच वीजकेंद्रांवर चालत राहायचे. त्या दिवशी ते बेट टिकले नाही. आपण शोकेसमध्ये करणार आहोत ते त्याच कल्पनेचे मुठीएवढे रूप आहे.

आता साधने. ज्यांच्या घरी जुना लॅपटॉप पडून आहे आणि त्याची बॅटरी अर्धा तास जरी तग धरते, त्यांनी हा लेख इथेच मिटवला तरी चालेल. तोच सर्व्हर करावा. बॅटरी, चार्जर, वीज गेल्याची खबर, वेळेत बंद होणे, सगळे त्यात कंपनीतूनच आलेले असते. दोन पथ्ये मात्र पाळा. सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा 60 ते 80 टक्क्यांवर ठेवता येत असेल तर ठेवा, आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला तर त्याच दिवशी ती काढून टाका.

आमच्याकडे लॅपटॉप नव्हता. पहिल्यांदा आम्ही पॉवर बँक लावून पाहिली. फसली. बहुतेक पॉवर बँका चार्जर निघाला की आतला रस्ता बदलताना क्षणभर पुरवठा तोडतात. फोनला ते कळतही नाही, रास्पबेरी पाय मात्र पुन्हा सुरू होते. म्हणजे ज्या झटक्यापासून वाचायचे तोच झटका आम्ही दोन हजार मोजून घरात आणला होता.

दुसरा मार्ग संगणकाच्या दुकानात मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस. तो वाईट नाही. मोठा संगणक असेल तर तोच घ्यावा. पण आतल्या 12 व्होल्टच्या बॅटरीचे तो 230 व्होल्ट करतो, आणि आपला अडॅप्टर त्या 230 चे पुन्हा 12 किंवा 5 करतो. नळाचे पाणी गच्चीवर चढवून तळमजल्यावर बादलीत घेण्यासारखे. अठरा वॅटच्या हलक्या कामावर तर त्याचे इन्व्हर्टर स्वतःच भरपूर खाते. स्वस्त यूपीएसना संगणकाला खबर देणारी तारही बहुधा नसते. आणि ती पिपाणी! तान्हे मूल असलेल्या घरात रात्री तीनला तिचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला आणखी सांगायला नको.

म्हणून आम्ही 230 ला मधून वगळायचे ठरवले. सर्व्हरला 5 व्होल्ट लागतात, फायबरच्या वायफाय डब्याला 12. बॅटरी 12 ची. मग थेट द्यावे.

आधी मोजणी केली. प्लगमध्ये लावायचे छोटे वॅटमीटर शेजारच्या इलेक्ट्रिशियन भाईंकडून एका दिवसासाठी आणले. सर्व्हर डिस्कसह आठ वॅट, वायफायचा डबा दहाच्या आत. एकूण अठरा. चोवीस तास चालून दिवसाला अर्ध्या युनिटपेक्षा कमी, महिन्याला सुमारे 13 युनिट. इसराफ होतो आहे का, असा प्रश्न अम्मींनीच विचारला होता, त्याचेही उत्तर मिळाले.

बॅटरीत दोन पर्याय होते. स्कूटरच्या बॅटरीची धाकटी बहीण शोभेल अशी सीलबंद शिसे-आम्लाची 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची बॅटरी हजाराच्या आत येते. कागदावर तिच्यात 84 वॅट-तास असतात, पण ती दर वेळी अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणून हिशेबात 42 च धरावेत. उष्णता तर तिची वैरीण. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे, असा ठोकताळा आहे. आमच्या इथल्या मे महिन्यातला माळा आठवा.

दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची. फोनमधल्या लिथियमची ती शांत स्वभावाची बहीण म्हणता येईल: सहजासहजी भडकत नाही आणि दोन हजार वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हे रसायन बॅटरीसाठी उपयोगात आणले गेले आणि त्या संशोधनात अक्षय पाढी हे भारतीय संशोधक पुढे होते. गुडइनफ यांना 2019 साली नोबेल मिळाले तेव्हा ते 97 वर्षांचे होते. आम्ही हीच घेतली: 12.8 व्होल्ट, 6 अँपिअर-तास, म्हणजे 77 च्या आसपास वॅट-तास, आणि ते जवळजवळ सगळे वापरता येतात. घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी, आत बीएमएस आहे का. चारही सेलवर नजर ठेवून जास्त भरणे, जास्त उतरणे आणि शॉर्ट झाल्यास पुरवठा तोडणे हे काम ती छोटी पट्टी करते. तिच्याविना लिथियम बॅटरी घरात आणूच नये.

सामान आणायला आम्ही रविवार सोडून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. रविवारी बरीच दुकाने बंद असतात. सीसीटीव्ही आणि दरवाजाच्या कुलूप-यंत्रणांसाठी एक एसएमपीएस मिळतो: 13.8 व्होल्ट, 5 अँपिअर, आणि बॅटरी जोडायला वेगळे टर्मिनल. वीज असताना तो सर्व्हर चालवतो आणि बॅटरीही भरतो. वीज गेली की बॅटरी आपोआप पुढे येते, मध्ये पापणी लवण्याइतकाही खंड पडत नाही. हे 13.8 शिशाच्या बॅटरीसाठी ठरलेले आहेत, पण चार सेलांत वाटले की प्रत्येकी 3.45 होतात. फॉस्फेटच्या सेलची कमाल 3.65. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरत नाही, आणि वर्षानुवर्षे भरलेल्या अवस्थेत बसून राहणाऱ्या बॅटरीला तेच मानवते.

पुढे दोन कन्व्हर्टर. बॅटरीचा दाब 13.8 पासून उतरत अकराच्या आसपास येतो, म्हणून वायफायच्या डब्याला आधी वर-खाली दोन्ही करणारा, कायम 12 व्होल्ट देणारा कन्व्हर्टर. सर्व्हरला खाली उतरवणारा, 5 अँपिअरचा. तीन अँपिअर लिहिलेले स्वस्त निळे मॉड्यूल घेऊ नका. ते दोनलाच तापतात, मग दाब 4.63 व्होल्टखाली गेला की पाय कमी दाबाची तक्रार करू लागते आणि डिस्क मध्येच सुटते.

आणि इथे आमच्याकडून जी चूक झाली ती तुमच्याकडून होऊ नये. या मॉड्यूलवर एक बारीक पितळी स्क्रू असतो, तो फिरवून बाहेर किती व्होल्ट यायचे ते ठरते. दुकानातून येते तेव्हा तो कुठेही असू शकतो. आम्ही घाईत मल्टिमीटर न लावता थेट जोडणी केली. सुदैवाने दुसऱ्या टोकाला सर्व्हर नव्हता, मुलीचा एक जुना यूएसबी दिवा होता. अकरा व्होल्टांत तो 'फट्' करून विझला. आधी मल्टिमीटर, स्क्रू फिरवून 5.1 व्होल्ट, मग थोडा भार लावून पुन्हा मोजणी, आणि शेवटी सर्व्हर. हा क्रम कोणीही मोडू नये.

बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभर अंतराच्या आत 5 अँपिअरचा फ्यूज हवाच. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोक या बॅटरीला खेळणे समजतात. पण दोन टोकांवर पाना किंवा हातातली बांगडी आडवी पडली तर ती क्षणात लाल होते. जोडणी करताना अंगठी, घड्याळ, बांगड्या उतरवून ठेवाव्यात. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवण्याची ताकीद अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) दिली आहे, आणि चोवीस तास चार्जिंगवर असलेली बॅटरी ही आपल्या काळातली तशीच एक वस्तू आहे. म्हणून आमचा डबा लाकडी शोकेसमधून बाहेर आला. भंगारातल्या सीपीयूच्या पत्र्याच्या खोक्यात, आतून बॅकेलाईटची पट्टी लावून, लादीवर, पडद्यापासून आणि गॅसपासून दूर तो बसवला. जुन्या लॅपटॉपमधले दंडगोल सेल काढून बॅटरी बांधण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. काही मुलांनी आम्हाला त्याबद्दल विचारलेही. बांधणाऱ्याला ज्ञान असेल, पण ज्या घरात लोक झोपलेले असतात तिथे कोणाच्या तरी टाकून दिलेल्या सेलवर रात्र काढावी, हे आम्हाला पटत नाही. 230 व्होल्टची बाजू आम्ही त्या इलेक्ट्रिशियन भाईंकडूनच जोडून घेतली.

खर्च असा आला: बॅटरी 2,150, एसएमपीएस 780, दोन कन्व्हर्टर 580, फ्यूज, तारा, पिना आणि एक बटण 290. एकूण 3,800 रुपये. शिशाची बॅटरी घेतली असती तर सव्वा हजार वाचले असते. महिनाअखेरीस ते सव्वा हजार मोठे असतात, हे आम्ही जाणतो. त्यांनी शिशाचीच घ्यावी, फक्त दर दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी ठेवावी. जुनी दुकानदाराला परत दिली की थोडे पैसे सुटतात.

उरला प्रश्न खबरीचा. वीज गेली हे सर्व्हरला सांगायचे कोणी? आमच्या मुलीने उपाय काढला आणि त्याला एक तारही लागली नाही. स्वयंपाकघराजवळ एक जुना वायफाय रिपीटर आहे, तो मुद्दाम साध्या प्लगवर ठेवला. सर्व्हर दर मिनिटाला त्याला हाक मारतो. रिपीटर बोलला तर वीज आहे. सलग वीस मिनिटे गप्प राहिला तर सर्व्हर उरलेसुरले लिहून काढतो आणि बंद होतो. चार ओळींचे काम. कधी रिपीटरच बिघडला तर सर्व्हर उगाच झोपेल, पण उगाच झोपलेल्याला उठवता येते.

सर्व्हर निजला की उरलेली बॅटरी एकट्या वायफायच्या वाट्याला येते आणि तो हिशेबाने सहा तासांच्या आसपास चालू शकतो. अट एकच, केबलवाल्याची इमारतीतली पेटी विजेवर चालणारी नसावी. काही इमारतींत फायबर थेट घरापर्यंत येते, काहींत जिन्यात विजेवरचा स्विच असतो. तो बंद पडला की आपला डबा जिवंत असून मुका. हे आधीच विचारून घ्या.

एक अडचण आम्हाला सुचलीच नव्हती. लाईट आली तरी झोपलेला सर्व्हर उठेना. त्याच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती, बॅटरी पाच व्होल्ट देतच होती, मग उठायचे कशासाठी? पायच्या पाचव्या आणि सहाव्या पिनेत दाबाचे बटण जोडले तर तो जागा होतो. आम्ही ते खोक्याच्या दर्शनी बाजूला बसवले.

चाचणी एका रविवारी दुपारी घेतली. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढून बाजूला ठेवली, सर्व्हरची ती चार ओळींची आज्ञा तात्पुरती थांबवली आणि प्लग उपटला. दोन्ही यंत्रे 3 तास 20 मिनिटे चालली. दुसऱ्या दिवशी आज्ञा सुरू करून पुन्हा उपटला. विसाव्या मिनिटाला दिवा विझला, डिस्क शाबूत. दर सहा महिन्यांनी हे करायचे म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण केली आहे.

बॅटरी झटक्यापासून वाचवते. चोर, पाणी, म्हातारी झालेली डिस्क यांच्यापासून नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा गावची छपरे उडाली आणि पुढे कित्येक दिवस तिकडे वीज नव्हती. 26 जुलै 2005 ला मुंबईत तळमजल्यांवरच्या किती घरांतले अल्बम चिखलात गेले, त्याची गणती नाही. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावी हवी. आता ईदला गावी जाताना एक डिस्क फूफींकडे जाते आणि आधीची परत येते. तिथे ती कपाटात, नॅफ्थलीनच्या गोळ्यांशेजारी, चादरीत गुंडाळून ठेवलेली असते. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. आणि 'कट' हा शब्द आमच्या घरात बंद झाला आहे: आधी कॉपी, दोन ठिकाणी उघडून ऐकायचे, मग पुसायचे.

फूफींकडे गेलो तेव्हा लाँचच्या गोष्टीचा विषय निघाला. त्या अब्बांच्या मागोमाग दोन वर्षांनी त्याच लाँचने आल्या होत्या. अम्मींनी त्यांना पुन्हा सांगायला लावली आणि आम्ही फोन पुढे धरला. धाकट्या बहिणीच्या तोंडून गोष्ट थोडी वेगळी निघाली. अब्बांनी समुद्र शांत होता असे सांगितले होते, फूफी म्हणाल्या की ते वाटभर उलट्या करत होते. अम्मी खूप हसल्या. ती फाईल आता तीन ठिकाणी आहे.

ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा लाईट गेली, चांगला सव्वा तास. आली तेव्हा आम्ही घरी नव्हतो. खोक्यावरचे बटण अम्मींनीच दाबले.